‘माझे मिस्टर कुठे आहेत?’ असं पेशंटने विचारलं तर

प्रश्न थोडक्यात असा: ट्रॉमा वॉर्डात अपघातातली एक बाई आहे. बरगड्या मोडल्यात, मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालंय. शेजारी बसलेला नवरा जागीच गेला. तिला अजून कुणी सांगितलेलं नाही, कारण नातेवाइकांचं म्हणणं आहे की जरा बरी होईपर्यंत विषयच काढायचा नाही. रात्रपाळीला मात्र ती नवख्या सिस्टरला सारखी विचारते, ‘माझे मिस्टर कुठे आहेत?’ सिस्टरचे प्रश्न तीन. मी काय उत्तर देऊ, सांगितल्यावर तिला कसं सांभाळू, आणि तिच्यासमोर मलाच रडू आलं तर?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते तुला आज रात्रीच लागेल. खोटं बोलू नकोस आणि एकटीने सांगूही नकोस. ‘ते दुसऱ्या वॉर्डात आहेत, बरे आहेत’ हे वाक्य त्या क्षणी फार सोपं वाटतं. पण पुढे तिला कळतं तेव्हा तिचा नवरा तर गेलेला असतोच, शिवाय जी माणसं तिला औषध देतात, ड्रेसिंग करतात, त्यांच्यावरचा विश्वासही जातो. मग ती दुखतंय म्हणून सांगत नाही, गोळी घेताना संशय घेते, उठवायला गेलं तर अंग टाकून देते. हे मी वॉर्डात वारंवार पाहिलंय.

रात्री तीन वाजता तिने विचारलं तर तिच्या डोळ्यांसमोर येईल अशी उभी राहा. गळ्याला कॉलर असलेल्या पेशंटला मान वळवता येत नाही, त्याला फक्त छत दिसतं. म्हणून जरा वाकून, तुझा चेहरा दिसेल अशी. आणि म्हण, ‘ताई, तुम्हाला त्यांची काळजी लागलीय, कळतंय मला. याचं उत्तर डॉक्टरांनी द्यायला हवं. मी आत्ताच त्यांना बोलावते. ते येईपर्यंत मी इथेच आहे.’ एवढ्यावरून तिला अंदाज येईल का? बऱ्याचदा येतो. येऊ दे. जी बाई पुन्हा पुन्हा विचारतेय तिला आतून काहीतरी कळलेलंच असतं. तिने थेट विचारलं, ‘गेले का ते?’ आणि डॉक्टर यायला वेळ आहे, तर ‘नाही’ म्हणू नकोस. ‘हो ताई’ एवढं म्हणायला तुझ्या युनिटमध्ये परवानगी आहे का, हे ड्युटीच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारून ठेव. ऐनवेळी फोन लावत बसण्यापेक्षा ते बरं.

आता नातेवाईक. ‘सांगू नका’ म्हणणारी माणसं दुष्ट नसतात, घाबरलेली असतात. कुणाला वाटतं तिचं हृदय बंद पडेल, कुणाला वाटतं ती जेवणखाण सोडेल. पुष्कळदा खरी गोष्ट अशी असते की सांगायचं कुणी आणि कोणत्या तोंडाने, हेच त्यांना सुचत नाही. त्यांना बाजूला घेऊन विचार, ‘सांगितलं तर काय होईल असं वाटतं तुम्हाला?’ भीती एकदा बोलून झाली की त्यावर बोलता येतं. मग स्पष्ट सांग की आपण होऊन आम्ही विषय काढणार नाही, पण तिने विचारलं तर खोटंही बोलणार नाही. आणि एक व्यवहाराची गोष्ट त्यांच्या लक्षात आणून दे. तिचा मोबाइल उशाशी आहे. एखादा लांबचा नातलग श्रद्धांजलीचा मेसेज टाकेल आणि तिला नवरा गेल्याचं स्क्रीनवर कळेल. या एका वाक्याने जेवढी कुटुंबं तयार झालेली मी पाहिलीत, तेवढी पेशंटच्या हक्कांवर भाषण देऊन झालेली नाहीत.

सांगायची वेळ डॉक्टरांनी ठरवावी, पण तयारी आपल्या हातात असते. यासाठी ‘स्पाइक्स’ नावाची सहा पायऱ्यांची पद्धत आहे. ती २००० मध्ये मांडली गेली, कॅन्सरची बातमी सांगण्यासाठी. जागा नीट करायची, पेशंटला किती माहीत आहे ते विचारायचं, किती ऐकायचंय ते विचारायचं, मग सांगायचं, भावनांना जागा द्यायची आणि शेवटी पुढचं ठरवायचं. डॉक्टरांना ती पाठ असते. तुझं काम त्या पद्धतीच्या आधी सुरू होतं.

बरगड्या मोडलेल्या बाईला रडणं म्हणजे काय, याचा विचार कर. प्रत्येक हुंदक्याला हाडाची टोकं हलतात. म्हणून बातमी सांगण्याआधी वेदनाशामकाचा डोस चढलेला असला पाहिजे. तोंडाने दिला असेल तर अर्धापाऊण तास आधी. छातीशी घट्ट धरायला एक उशी हाताशी ठेव. मणक्याच्या दुखापतीमुळे मनाई नसेल तर डोकं थोडं वर कर, कारण सपाट झोपून रडणाऱ्या माणसाचे अश्रू कानात जातात, नाक बंद होतं, जीव घुसमटतो. ऑक्सिजनचा मास्क असेल तर त्याऐवजी नाकाची नळी लावता येते का विचार, मास्कमध्ये रडता येत नाही आणि बोललेलं कळत नाही. सक्शन, म्हणजे तोंडातला स्राव ओढून घ्यायचं यंत्र, चालू आहे ना, बघून ठेव. मॉनिटरचा आवाज कमी कर, पण अलार्म बंद करू नकोस. जवळचं म्हणून तिला कोण हवंय हे आधीच्या बोलण्यातून हेरून ठेव. दरवेळी ती सासूच असेल असं नाही, कधी मैत्रीण असते.

तोंडात नळी असलेल्या, व्हेंटिलेटरवरच्या पण शुद्धीत असलेल्या पेशंटलाही सांगायचं असतं. ‘बोलता येत नाही, मग नंतर बघू’ असं ठरवून टाकतात. त्याला ऐकू येतं, हात दाबून हो-नाही सांगता येतं, आणि त्याच्या पलंगाशेजारी उभं राहून लोक बोलतात ते सगळं कानावर पडत असतं.

सांगताना शब्द साधे हवेत. आधी एक इशारा, ‘वाईट बातमी आहे.’ दोन श्वासांचं अंतर. मग, ‘अपघातात त्यांचा मृत्यू झाला.’ ‘ते आता आपल्यात नाहीत’, ‘आम्ही खूप प्रयत्न केले पण’ अशी वळणं नकोत. अर्धवट गुंगीतल्या पेशंटला त्यातून काहीच कळत नाही. ‘गेले’ म्हटलं तर ‘कुठे गेले?’ असं विचारणारे पेशंट मी पाहिलेत. ते वाक्य डॉक्टर बोलले की सगळ्यांनी गप्प बसायचं. तुझ्या हाताला काहीतरी करावंसं वाटेल, सलाईनचा थेंब बघावासा वाटेल. बघू नकोस. खुर्ची ओढून बस, हात तिच्या हाताजवळ ठेव. तिने धरला तर धरू दे.

ती किंचाळेल, डॉक्टरांना शिव्या देईल, ‘तुम्ही खोटं बोलताय’ म्हणेल किंवा शांतपणे ‘बरं, मला पाणी द्या’ म्हणेल. यातलं काहीही विचित्र नाही. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांच्या १९६९ मधल्या पाच टप्प्यांची (नकार, राग वगैरे) यादी नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थिनीला पाठ असते, पण ती यादी मुळात मरणाच्या वाटेवरच्या पेशंटशी बोलून तयार झाली होती. ‘आता ही रागाच्या टप्प्यात आहे’ असं केसपेपरवर लिहायचा मोह टाळ. तिने काय म्हटलं ते तिच्या शब्दांत लिही, पुढच्या पाळीला त्याचाच उपयोग होतो.

शांत पेशंटबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय. नोव्हेंबर १९४२ मध्ये बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला आग लागली, ४९२ माणसं गेली. वाचलेल्यांपैकी अनेकांची जवळची माणसं त्याच आगीत गेली होती. म्हणजे तुझ्या पेशंटसारखीच गत, स्वतः कॉटवर आणि आपलं माणूस शवागारात. एरिक लिंडेमान या मानसोपचारतज्ज्ञाने त्या आगीतल्या आणि इतरही शोकग्रस्तांचा अभ्यास करून १९४४ मध्ये निबंध लिहिला. त्यात बत्तीस वर्षांच्या एका माणसाची हकीगत आहे. जखमा किरकोळ होत्या. बायको गेल्याचं त्याला पाचव्या दिवशी कळलं आणि त्याने ते इतक्या संयमाने घेतलं की सर्जनला कौतुक वाटलं. तो घरी गेला. थोड्याच दिवसांत घरच्यांनी त्याला परत आणलं तेव्हा तो बेचैन होता, ‘मी तिला वाचवायला हवं होतं’ हेच घोकत होता. काही दिवसांनी रुग्णालयातच त्याने जीव दिला. आपण ‘किती धीराची आहे’ म्हणून ज्या पेशंटचं कौतुक करतो आणि मग तिच्याकडे कमी जातो, तिथे ही हकीगत आठवावी. अपघातातून वाचलेल्याच्या मनात ‘मीच का राहिले’ हे येतंच. गाडी तोच चालवत असेल तर विचारायलाच नको. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ती ‘हो’ म्हणाली तर तिला एकटं न सोडता त्याच पाळीत डॉक्टरांना कळवायचं.

त्याच निबंधात शोकाच्या शारीरिक लाटांचं वर्णन आहे. घसा आवळतो, उसासे येतात, पोटात पोकळी वाटते, अंगातलं बळ जातं, आणि एक लाट वीस मिनिटांपासून तासापर्यंत टिकते. वॉर्डात हे मॉनिटरवर दिसतं, नाडी वाढते, श्वास वाढतो. आणि इथेच धोका आहे. बरगड्या आणि मांडीचं हाड मोडलेल्या पेशंटचा श्वास वाढण्याची इतरही कारणं असतात. छातीत हवा साठलेली असू शकते. हाडातली चरबी रक्तात जाऊन होणारा फॅट एम्बोलिझम बहुधा पहिल्या २४ ते ७२ तासांत दिसतो, त्यात दम लागतो आणि माणूस गोंधळल्यासारखं बोलतो. फुप्फुसात गुठळी जाऊ शकते. ‘नवरा गेल्यामुळे घाबरलीय’ असं लिहून मोकळं होण्याआधी सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) बघ, दोन्ही बाजूंनी हवा आत जातेय का ऐक, छातीवर आणि काखेत लाल ठिपके आहेत का बघ. दुःखात असलेल्या पेशंटच्या तक्रारी सगळ्यात आधी दुःखाच्या खात्यात जमा होतात.

हृदयाचंही तसंच. नातेवाइकांची ‘हार्ट बंद पडेल’ ही भीती अगदीच बिनबुडाची नाही. २०१२ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात जवळचं माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या २४ तासांत हार्ट अटॅकचा धोका एरवीच्या सुमारे २१ पट आढळला, आणि मग तो दिवसागणिक उतरत गेला. मुळात धोका कमी असलेल्या माणसाला तो एवढ्या पटीनेही कमीच राहतो, हे त्यांना समजावून सांग. बातमी लपवण्यासाठी हे कारण पुरत नाही. सांगितल्यावर लक्ष ठेवण्यासाठी मात्र पुरतं. ताकोत्सुबो नावाचा प्रकारही असतो, त्याचं वर्णन प्रथम जपानमध्ये झालं. जबर धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता नीट आकुंचन पावत नाही, ईसीजी अटॅकसारखा दिसतो, हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारा ट्रोपोनिनही वाढतो. पाळी गेलेल्या बायकांत हे जास्त आढळतं. म्हणून छातीत दुखतंय म्हणाली तर मनाचा त्रास म्हणून सोडून द्यायचं नाही. बारा लीडचा ईसीजी काढायचा.

‘झोपेचं इंजेक्शन द्या’ अशी मागणी येणारच, कधी नातेवाइकांकडून, कधी स्टाफकडूनच. शोकात असलेल्या पण मानसिक आजार नसलेल्या माणसाला बेन्झोडायझेपिन गटातली गुंगीची औषधं देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय. बरगड्या मोडलेल्या आणि आधीच मॉर्फिनसारखं औषध चालू असलेल्या पेशंटला तर श्वास मंदावण्याचा वेगळा धोका. झोप लागत नसेल तर दिवा मंद कर, रात्रीचे बीपी आणि रक्ताचे नमुने एकत्र घे म्हणजे सारखं उठवावं लागत नाही, आणि पहाटे एक फेरी जास्तीची मार. त्या वेळी जागं असणं फार वाईट.

धक्क्याबद्दल एकदाच बसवून सगळं बोलायला लावण्याची पद्धतही एके काळी जोरात होती. २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) तिचा फायदा दिसला नाही, एका अभ्यासात तर वर्षभरानंतर त्रास वाढलेला आढळला. ती बोलली तर ऐक. उकरून काढू नकोस.

आता असा प्रसंग, ज्याबद्दल पुस्तकात फारसं सापडत नाही. डोक्याला मार असेल किंवा गुंगीचं औषध चालू असेल, तर सांगितलेलं ती विसरते. दोन तासांनी पुन्हा विचारते, ‘ते कुठे आहेत?’ आणि पुन्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी कोसळते. इथे माझं मत ठाम आहे. तिने विचारलं तर प्रत्येक वेळी खरं, पण थोडक्यात सांगायचं, आणि तेच शब्द वापरायचे. विचारलं नाही तर आपण होऊन आठवण करून द्यायची नाही. ‘काल सांगितलं होतं ना’ हे वाक्य कधीही नाही. बातमी ऐकताना जो नातलग सोबत होता त्याने जवळ असणं इथे फार उपयोगी पडतं. स्मृती टिकायला लागली की डॉक्टरांनी एकदा नीट बसून सगळं पुन्हा सांगायचं.

सगळ्या वॉर्डाला हे माहीत असणं हा वेगळाच विषय आहे, आणि इथेच बहुतेक गाडं अडतं. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवताना, कॉटजवळ उभं राहून ‘हिचा नवरा एक्सपायर झालाय, हिला माहीत नाही’ असं कुजबुजतात आणि पेशंट जागी असते. ओव्हरचा तेवढा भाग स्टेशनवर द्यायचा. केसपेपरवर लिहायचं की कुणी सांगितलं, किती वाजता, कोणत्या शब्दांत, तिने काय विचारलं, कुणाला भेटायचं नाही म्हणाली. एक्सरेला नेणारा वॉर्डबॉय, फिजिओथेरपिस्ट, जेवण आणणारी बाई, या सगळ्यांपर्यंत ते पोचलं पाहिजे. आणि अॅडमिशनच्या कागदावरचा ‘जवळचे नातेवाईक’ हा रकाना बघ. तिथे अजून नवऱ्याचंच नाव आणि त्याचाच नंबर असतो. दुसऱ्या ऑपरेशनच्या संमतीसाठी किंवा बिलासाठी कुणीतरी तो नंबर फिरवतं. फोन त्याच्या सामानाच्या पिशवीत असतो आणि ती पिशवी कधीकधी तिच्याच लॉकरमध्ये ठेवलेली असते. तो रकाना बदलणं हे पाच मिनिटांचं काम आहे, पण ते कुणीतरी आपलं समजून करावं लागतं.

त्या पिशवीचंही सांगते. रक्ताने माखलेले, कापलेले कपडे तसेच देऊ नयेत आणि न विचारता फेकूही नयेत. पोलिसांना लागणार नसतील तर तिला विचार. घड्याळ, अंगठी, चष्मा पुसून वेगळ्या पाकिटात ठेवून तिच्या हातात द्यावं, यादीवर सही घेऊन.

गेलेल्या नवऱ्याला बघायचंय का, हे तिला विचारलं गेलं पाहिजे. ‘बघू नका, तसंच लक्षात ठेवा’ हे ठरवणारे आपण कोण? काय दिसेल ते आधी सांग: अंग थंड असेल, रंग बदललेला असेल, चेहऱ्याच्या या बाजूला जखम आहे, ती झाकलीय, पोस्टमॉर्टेम बाकी असल्याने तोंडातली नळी तशीच आहे. मग ती ठरवेल. ‘नाही’ म्हणाली तर काही तासांनी पुन्हा एकदा विचार, त्यानंतर नाही. पलंगासकट नेता येत असेल तर नेऊ या. शक्य नसेल तर नातेवाइकांनी फोटो काढून ठेवावा, तिने महिन्यांनी मागितला तर असेल. अंत्यविधी तिच्याशिवाय होणार असतील तर ते तिला आधी सांगायचं. काही तासांची रजा मिळते का, फोनवरून बघता येईल का, हे राउंडला विचारायचं. झाल्यावर कळणं फार झोंबतं.

हेच सगळं इतर अचानक गमावण्यालाही लागू आहे, थोड्या फरकाने. मूल मृत जन्मलेल्या आईला दोन ते चार दिवसांत दूध येतं, आणि हे तिला कुणी सांगितलेलं नसेल तर ते आल्यावर ती हादरते. दूध थांबवायचं औषध हवं का हे डॉक्टरांशी बोल. बीपी वाढलेलं असेल तर त्यासाठीचं कॅबरगोलिन चालत नाही. तिला प्रसूत झालेल्या इतर बायकांच्या मध्ये ठेवू नकोस. पाय कापावा लागलेल्या पेशंटला, नसलेली बोटं दुखतात हे होतं आणि ते वेडेपणाचं लक्षण नाही, हे आधीच सांगावं.

घरी मुलं असतील तर त्यांना कोण सांगणार हे ती विचारेल. शक्यतो तिनेच, कुणाला तरी जवळ ठेवून. ‘बाबा झोपलेत’ किंवा ‘गावाला गेलेत’ नको. लहान मूल झोपायला घाबरतं किंवा वाट पाहत बसतं.

‘धीर धरा’, ‘तुम्ही वाचलात हे नशीब’, ‘मुलांसाठी खंबीर व्हा’, ही वाक्यं भेटायला येणारे बोलतीलच, आपण नाही बोललो तर बिघडत नाही. ‘वाईट झालं’ एवढं पुरतं. आणि त्याचं नाव घे. नवरा गेल्यावर त्याचं नाव उच्चारायला सगळे बिचकतात.

डिस्चार्जच्या वेळी तिच्या फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीत नुसतं हाड मोडल्याचं नको, नवरा गेल्याचंही लिहिलेलं हवं. बहुतेक माणसं घरच्या आधाराने हळूहळू सावरतात, त्यांना उपचार लागत नाहीत. पण महिने लोटूनही ओढ तितकीच तीव्र राहिली आणि रोजचं जगणं ठप्प झालं, तर तो दीर्घकाळ रेंगाळलेला शोक म्हणून आता स्वतंत्र आजार गणला जातो. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, आयसीडी-११, त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत मानते, अमेरिकेचं मानसिक आजारांचं पुस्तक, डीएसएम, २०२२ च्या आवृत्तीत मोठ्यांसाठी बारा महिन्यांची. तिच्या घरच्यांना हे सांगून ठेव, म्हणजे दोन महिन्यांत रडते म्हणून कुणी तिला आजारी ठरवणार नाही आणि वर्षानंतरही अंथरुणातून उठत नसेल तर कुणी दुर्लक्ष करणार नाही.

राहिला तुझ्या रडण्याचा प्रश्न. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे, पुसायचीही घाई नको. हद्द एकच, तिने तुझी समजूत घालायची वेळ येता कामा नये. तसं होतंय वाटलं तर सहकाऱ्याला तिच्याजवळ बसवून दोन मिनिटं बाहेर जा, आणि जाताना ‘मी येते पुन्हा’ असं तिला सांग. तुझ्या स्वतःच्या घरात अलीकडे असं काही घडलं असेल तर इन्चार्ज सिस्टरला सांगून ती कॉट बदलून घे. आज ड्युटीवर गेल्यागेल्या दोन गोष्टी कर. तिच्या डॉक्टरांना विचार की उद्या राउंडनंतर किती वाजता सांगायचं आणि ज्या नातलगाला सोबत बसवायचंय त्याला किती वाजता बोलवायचं. आणि तिच्या वेदनाशामकाची वेळ त्याप्रमाणे पुढेमागे करून घे.